काकाजींची रेकॉर्ड आणि दहाव्याचा कावळा

काकाजींच्या पिंडाला दीड तास कावळा शिवला नाही, याला मी, मे महिना आणि एक इंग्रजी बँड असे तिघे जबाबदार होतो. बँड आजही जगप्रसिद्ध आहे, मे महिना दरवर्षी न चुकता येतो. शिक्षा फक्त मला झाली.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, देविदास. आमचं घर नाचणगावला, आणि काकाजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान दोन पावलांवर पुलगावात. एकाच अंगणात दोन चुली होत्या, आमची आणि त्यांची. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून लाडाचा सगळा साठा माझ्यावर उपडा व्हायचा. (आईचं मत, मी बिघडलो तो त्यामुळेच. बाबांचं मत, मी मुळातूनच तसा होतो.)

सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुलगावातल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली. सामान कमी करताना त्यांनी आपला रेकॉर्ड प्लेअर आणि एकच एक रेकॉर्ड काकाजींना देऊन टाकली. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या लोकांनी स्वतःच ही रेकॉर्ड आपल्या नावावर दिसू नये म्हणून एवढी धडपड केली आहे, तर आपण कशाला मध्ये पडा! साहेब म्हणाले होते, यांच्या पुढच्या रेकॉर्डी सारं जग ऐकतं, पण ही सुरुवातीची कोणी विचारत नाही. खुद्द तेही तिच्यातलं एकही गाणं कार्यक्रमात म्हणत नाहीत.

झालं! काकाजींनी त्या रेकॉर्डची बाजू घेतली ती कायमची. खोक्यावरच्या फोटोत चार केसाळ पोरं चिखलात उभी होती, शेवटची एसटी चुकल्यासारखी. पेटीसारखं काहीतरी वाजायचं, ढोलवाला अर्धा पाऊल मागे असायचा आणि गाणाऱ्याचा आपल्या आवाजावर अजून भरवसा बसलेला नव्हता. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात तर चक्क कोणीतरी खोकायचं. काकाजींचा सगळा जीव त्या खोकल्यात!

"आयक, आयक, आता खोकलते पाह्य!" ते बोट वर करून सांगायचे.

"काकाजी, खराब हाय ना मग ते गाणं?"

"खराब कायचं बे? मानूस हाय, खोकलला. पुढं मोठे झाले तं खोकलनं बंद केलं त्याईनं. अरे, पहिल्या येचणीच्या कापसाची आपण पूजा करतो, अन् ह्या लोकाईनं आपला पहिला कापूस उकिरड्यावर फेकला!"

दर रविवारी सकाळी अंगणात खाट टाकून तो खोकला ऐकणं हा आमचा नेम होता. काकू आतून ओरडायची, "त्या खोकलणाऱ्याले काढा द्या एखांदा!" इंग्रजी आम्हा तिघांनाही येत नव्हतं, त्यामुळे मतभेद झाले नाहीत.

आता माझा पराक्रम. मी वर्ध्याला कॉलेजात होतो आणि केस मानेपर्यंत वाढवले होते. पोरांमध्ये मी फुशारकी मारली की आमच्या घरी अशी रेकॉर्ड आहे जी नागपुरातही कोणाकडे नाही. पोरं म्हणाली, "आण मंग!" मे महिन्यातल्या एका मंगळवारी काकाजी दुकानात गेलेले पाहून मी रेकॉर्ड खोक्यातून काढली, पेपरात गुंडाळली आणि एसटीत चढलो. (खोका मुद्दाम जागेवर ठेवला. चोरी करतानाही माझी व्यवस्था चोख असते!)

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्या काळी इंजिनाचं झाकण ड्रायव्हरच्या शेजारी, बसच्या आतच असायचं, आणि लोक त्यावर पिशव्या ठेवत. रेकॉर्ड गर्दीत चेंगरू नये म्हणून मी ती तिथे ठेवली. वर मे महिना, खाली इंजिन! वर्ध्याला उतरून पेपर उघडला, तर आत एक काळं भांडं होतं. परातीपेक्षा खोल, घमेल्यापेक्षा उथळ, मधोमध भोक.

मी तिला सपाट करायला काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. आधी पाट्याखाली ठेवली. एका अंगाने सपाट झाली, दुसऱ्या अंगाने वर आली. मग कोळशाची इस्त्री फिरवली, तर कडेला कुरडईसारख्या चुण्या पडल्या आणि वासाने शेजारीण विचारायला आली की कोणाचं रबर जळून राह्यलं. शेवटी भांडं गोठ्याच्या माळ्यावर फेकलं आणि वर्ध्याच्या एका मित्राकडून त्याच मापाची जुनी रेकॉर्ड आणली. त्याच्या वडिलांचा लग्नात भोंगे लावायचा धंदा होता. ती सनईची होती. तीच मी त्या चार केसाळ पोरांच्या खोक्यात घातली आणि रविवारची वाट पाहत बसलो, फाशीच्या दोरीची पाहावी तशी.

रविवारी काकाजी खाट टाकून बसले आणि म्हणाले, "आज नाई होत लेका. मशीनची सुई तुटली."

मला देव आठवला! विदर्भातले सगळे देव आठवले! तोंड पाडून म्हणालो, "अरे बाप्पा! मंग आता?"

"मागवतो. अशी सुई इकडं भेटत नाई."

पुढची तीन वर्षं ती सुई आली नाही. आणि मी काय करावं? दर रविवारी काळजीच्या आवाजात विचारायचो, "काकाजी, सुई आली काय?" ते म्हणायचे, "नाई ना रे. तू नागपूरले जाशीन तं पाह्यजो." मी नागपूरला जायचो, एकाही दुकानात पाऊल ठेवायचो नाही, आणि येऊन सांगायचो की सगळा बाजार पालथा घातला. ते माझ्याकडे पाहून मान हलवायचे आणि म्हणायचे, "लय फिरला असशीन तू. जा, जेवून घे." एवढ्या मायेने म्हणायचे की खरं सांगून टाकावंसं वाटायचं, पण मी जेवून घ्यायचो.

मध्येच आईला माळ्यावर ते भांडं सापडलं. तिला वाटलं मी यात्रेतून नव्या तऱ्हेची कुंडी आणली. भोक होतंच, पाणी निथळायला सोय! तिने माती भरून कोथिंबीर पेरली आणि कुंडी अंगणात, काकाजींच्या खाटेसमोर ठेवली. काकाजी रोज तिच्याकडे पाहायचे. "वहिनी, सांबार झकास आला तुमचा," म्हणायचे. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) त्याची चटणीही त्यांनी खाल्ली.

मग टीव्ही आला. पुलगावात घरोघरी अँटेना लागायला लागले आणि काकाजींना दम खायला फुरसत राहिली नाही. त्या मे महिन्यात ते भर दुपारी एका कौलावर अँटेना फिरवत होते. खालून घरमालक ओरडत होता, "थोडा डावीकडं! थोडा उजवीकडं!" काकाजी खाली आले, पाणी मागितलं आणि ओसरीतच आडवे झाले. ऊन लागलं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यात दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, तेव्हा मी जवळ होतो. त्यांनी विचारलं, "काई सांगाचं हाय काय तुले?" मी म्हणालो, "नाई, काकाजी. तुम्ही आराम करा." ते म्हणाले, "बरं." संध्याकाळी गेले. बेचाळीस वर्षांचे होते.

यात हसण्यासारखं काही नाही, हे मला माहीत आहे.

मूल नसल्यामुळे अग्नी मी दिला. डोकं भादरलं तेही माझंच. न्हाव्याने ते मानेपर्यंतचे केस पाच मिनिटांत मातीत घातले. दहाव्या दिवशी आम्ही सगळे वर्धा नदीवर गेलो. उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळू आणि मध्ये पाण्याची एक ओळ. पुरुषमंडळी पिंडाभोवती, काकू आणि आई बायकांबरोबर लांब बाभळीखाली. महाराजांनी, म्हणजे भटजींनी, पिंड मांडला, आम्ही मागे सरलो आणि वर पाहायला लागलो.

कावळे होते. समोरच्या झाडावर चांगले सात-आठ होते. एकही हलेना!

आता कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याचा जीव कशात तरी अडकला आहे. मग घरच्यांनी पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. बाबा पुढे झाले, हात जोडले. "देविदास, तुही बायको आजपासून माही भैन हाय. तिले अंतर देनार नाई." कावळ्यांनी ऐकून घेतलं. आत्याबाई बाभळीखालून आली आणि विहिरीच्या पाण्यावरून बाबांशी धरलेला आठ वर्षांचा अबोला तिथल्या तिथे सोडला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, कावळ्यांच्या नाही. कोणी चहा ठेवला. कोणी बिडी ठेवली. (काकाजी बिडी ओढत नसत, पण अशा वेळी कोण वाद घालतो!) मी त्यांचा स्क्रू पिळायचा पेचकस ठेवला. ज्याच्या कौलावर ते चढले होते तो घरमालकही रडत पुढे आला.

"काकाजी, तुमच्या हातचा अँटेना मी दुसऱ्या कोनाले पुरा करू देनार नाई!"

दोन कावळे उडून पलीकडच्या काठाला गेले.

एक तास झाला. वाळू तापली, पायाला चटके बसायला लागले. तेव्हा बाबांचे मामा खाकरले. त्यांना सगळं गाव मामाजी म्हणायचं, आणि लग्न असो की मयत, शेवटचा शब्द त्यांचा.

"मले विचारान तं सांगतो," मामाजी म्हणाले, "घरच्या बाईनं मनाइरुद्ध काईतरी केलं असल. लेकरू नाई दिलं. त्या बिचाऱ्याचा जीव कायच्यात अडकन दुसरा? बलवा तिले. सगळ्याईसमोर माफी मांगू द्या."

बाबा म्हणाले, "मामाजी, हे काय बोलता?"

"मी नाई बोलत. कावळा बोलून राह्यला!"

चार माना हलल्या. पलीकडून काकू उठताना दिसली. दहा दिवसांत ती निम्मी झाली होती. ती खाली मान घालून वाळूतून यायला लागली आणि मला कळलं की आज हा डाग बसला तर तिच्या जन्मात धुतला जाणार नाही. गावात पाणी भरायला गेली तरी लोक म्हणतील, हिच्या नवऱ्याला कावळा शिवला नाही. आणि खरं कारण तिथेच उभं होतं, चकोट करून!

"काकूचं काई नाई!" मी ओरडलो. "माहं हाय! मी त्याईची रेकॉर्ड वाकवली!"

सगळे माझ्याकडे वळले. मामाजींनी कानामागे हात नेला. "काय वाकवली?"

"रेकॉर्ड. गाण्याची. एसटीच्या इंजिनावर ठेवली, वाकली. तीन वर्षं झाले. सांगितलं नाई."

"कायची गाणी? अभंग?"

"नाई. इंग्रजी."

"काय म्हनतेत त्याच्यात?"

"माहीत नाई. एकजन खोकलते."

मामाजींनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी आभाळाकडे पाहिलं. कावळे जागचे हलले नव्हते. मी एवढी जिभेला गाठ मारून ठेवलेली गोष्ट पंचवीस माणसांसमोर ओकली होती आणि एकाही पाखराला तिचं सोयरसुतक नव्हतं.

"वस्तू आन," मामाजींनी निकाल दिला. "नुसत्या तोंडानं काय होते? वस्तू समोर ठेव, मंग माफी मांग."

मी सायकल हाणत नाचणगावला गेलो. कुंडी उपडी केली, कोथिंबीर उपटली, माती झटकली आणि घामाने निथळत परत निघालो. काठावर पोचलो, तर काय पाहावं? पिंडापासून हातभर अंतरावर दोन कावळे उतरले होते! एक तर चोच पुढे करून मान वाकडी करत होता. सगळे श्वास रोखून उभे होते. मला इतका आनंद झाला की मी ती रेकॉर्ड दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि "आनली! आनली!" करत वाळूतून धावत सुटलो.

आमच्याकडे पेरलेल्या शेतात पाखरं बसू नयेत म्हणून मेलेला कावळा काठीला टांगतात. हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं. काळी, चकचकीत, कडेला चुण्या पडलेली, उन्हात फडफडणारी वस्तू घेऊन कोणी अंगावर धावून आलं तर कावळ्याने काय समजावं? दोघे तर उडालेच, पण झाडावरचे, पलीकडच्या काठावरचे, मला वाटतं पार पुलाखालचे, सगळे काव-काव करत आभाळात उठले आणि दिसेनासे झाले.

बाबांनी पायात नसलेली चप्पल शोधली.

महाराज हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून टाकू. शास्त्रात हाय." मामाजींनी एक सुस्कारा सोडला, असा की त्यात काकूचं पुढचं सगळं आयुष्य मावावं. मी पिंडापुढे गुडघे टेकून बसलो. हातात ते भांडं, भांड्यात अजून दोन कोथिंबिरीची पानं. मला रडू फुटलं. काकाजी गेले त्या दिवशीही आलं नव्हतं असं, नाक-तोंड एक करणारं. "काकाजी, चुकलो," एवढंच म्हणत होतो.

तेवढ्यात काकू जवळ येऊन उभी राहिली. तिने माझ्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला.

"त्याईले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. तू बदलली त्याच दिवशी रात्रीच्याले खोका उघडला त्याईनं. अंदर सनई. मले म्हने, वाजवली तं पोराची इज्जत जाईन. मंग मशीनची सुई काढून ठेवली अन् म्हने तुटली. सुई माह्या कुकवाच्या करंड्यात हाय, चांगली धडधाकट."

तीन वर्षं! दीडशे रविवार मी त्यांना विचारत होतो, सुई आली काय.

"मी म्हनो, दोन थापडा मारा अन् मोकळे व्हा. तं म्हने, नाई, सांगल तो आपल्या तोंडानं. त्याले येळ देऊ." तिने माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं. "आवडीचं एक गानं होतं मानसाचं. थे नाई आयकलं तीन वर्षं. तुह्यासाठी."

मामाजींनी मागे सरून काकूला वाट करून दिली. त्यांच्या हयातीत हे दुसऱ्यांदाच घडलं असेल. काकूने माझ्या हातातून रेकॉर्ड काढून घेतली, पदराने पुसली आणि पिंडाकडे वळून, रोज जेवायला हाक मारायची त्याच आवाजात बोलली.

"आयकलं ना? सांगितलं त्यानं. उशिरा सांगितलं, पन सांगितलं. अन् आता ह्यो तुमच्या कोन्त्याच वस्तूले हात लावनार नाई, मी पाह्यते. जा तुम्ही आता."

कुठून आला देव जाणे, एकटाच एक कावळा आला. इकडे तिकडे न पाहता सरळ पिंडावर उतरला आणि दणकून चोच मारली.

"पाह्यलं?" मामाजी ओरडले. "हात लावनार नाई म्हनताच आला! पोराच्या हाताचीच धास्ती होती त्याले!"

आधी घरमालक फिसकला. मग महाराज. मग बाबा, रडतारडता. आणि पदरात तोंड घालून काकू हसली, दहा दिवसांत पहिल्यांदा. हसली आणि तशीच खाली बसून मोठ्याने रडली. मीही तिच्याजवळ बसलो. तापलेल्या वाळूचे चटके कोणालाच लागत नव्हते.

तो कावळा शब्दाला आला की भुकेला, यावर मी पुष्कळ विचार केला आणि सोडून दिला. मला राहून राहून आठवतो तो दवाखाना. मरणाच्या दारातही त्या माणसाने मला एक शेवटची संधी दिली, 'काई सांगाचं हाय काय तुले?' आणि मी त्यांना आराम करायला सांगितलं. ही गोष्ट आजही गिळली जात नाही.

त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला: आपल्या हातून काही बिघडलं की त्याच क्षणी, आहे त्या जागी, मोठ्याने कबूल करायचं. इतकी वर्षं हा नियम मी मोडलेला नाही. परवा सकाळी बायकोने चहाचा ट्रे पुढे केला, तर मी हात लांब करायच्या आधीच म्हणालो, "कप माझ्याकडून फुटला, माफ कर."

ती म्हणाली, "अहो, निदान आधी हातात तर घ्या!"